पाय मावळण्याची वेळ

पडद्यावरची मुलगी चालत होती आणि तिच्या चालण्यात ठमीला काहीच वावगं दिसेना. सकाळची मुलगी उड्या मारत आली. दुपारची तीच मुलगी डावं पाऊल जरा आत वळवून आली. संध्याकाळची मुलगी भिंतीला धरून, टाच अधांतरी, पाऊल पिळवटलेलं, अशी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत आली आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसली, कारण कॅमेरा तिच्या आईच्या हातात होता. मग झोपून उठलेली मुलगी, पुन्हा उड्या मारत. विभागाच्या मॅडमनी चित्र थांबवलं आणि म्हणाल्या, "दिवस चढतो तसे पाय जातात, झोप झाली की परत येतात. माझ्या सबंध नोकरीत असं मी दुसऱ्यांदा बघतेय." खोलीतल्या माना हलल्या. मागून कुणीतरी 'बापरे' म्हटलं. आणि ठमी तोंड उघडून सांगणारच होती की अहो, यात बापरे काय, हे तर सगळ्यांचंच असतं.

वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथंच बसलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. शेजारी तिचा सहकारी होता, ज्याला सगळा विभाग भिंग म्हणायचा, कारण तो कुठलीही गोष्ट नाकाला लावल्याशिवाय बघत नसे. हा भिंग रोज कामावरून सुटल्यावर मैदानात जाऊन चेंडूमागे धावतो. पलीकडची नर्स लिफ्टची भीती वाटते म्हणून संध्याकाळीसुद्धा जिने चढून जाते. माणसं संध्याकाळी नाचतात, रांगेत उभी राहतात, मुलांना खांद्यावर घेऊन हिंडतात, हे काय ठमीला दिसत नव्हतं? दिसत होतं. पण तिला वाटायचं, लोक सोसतात. पाय सगळ्यांचेच जातात, आपल्या घराला तेवढं सोसवत नाही, आपण नाजूक, आपण आळशी. सोसण्यासारखं लोकांकडे मुळात काही नसेलच, हे चव्वेचाळीस वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खुर्चीखाली तिचं डावं पाऊल आत वळायला लागलं होतं. चार वाजून गेले असतील, असं तिला घड्याळ न बघता कळलं.

ठमी हे तिचं घरचं नाव; कामावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. काम म्हणजे दुसऱ्यांची रक्तं वाचण्याचं. ज्यांच्या दुखण्याला नाव सापडत नाही अशांच्या पेशींतला सगळा मजकूर यंत्र उलगडून द्यायचं, आणि चार अक्षरांच्या त्या न संपणाऱ्या मजकुरात कुठं काय बिनसलंय ते ही मंडळी हुडकत बसायची. सापडलं तर एखाद्या घरातला वर्षानुवर्षांचा घोर मिटायचा. नाही सापडलं तर ते प्रकरण बाजूला ठेवायचं आणि काही काळानं पुन्हा उघडायचं, कारण तेवढ्यात जगात कुठंतरी कुणीतरी नवीन काही शोधलेलं असायचं. ठमीला हे पुन्हा उघडणं फार आवडे. आपण ज्याला 'काही नाही' म्हणालो होतो तिथं काहीतरी होतं, हे कळताना तिला ओशाळल्यासारखं व्हायचं आणि आनंदही व्हायचा. पडद्यावरच्या मुलीचा मजकूर दोन वर्षांपूर्वी ठमीनंच वाचला होता. 'काही नाही' असं तिनंच लिहिलं होतं. आता नव्या पद्धतीनं भिंगाला ते सापडलं, आणि त्यावरची गोळी इतकी साधी निघाली की मुलगी महिन्याभरात मैत्रिणींशी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. मॅडम ते सांगत होत्या. सगळे हसत होते. ठमीही हसली, पण तिचं लक्ष घरी खिडकीशी बसलेल्या बाबांकडे गेलं होतं.

घरी त्याला पाय मावळणं म्हणत. सूर्य मावळतो तसे पाय मावळतात, त्यात रडण्यासारखं काय, असं बाबांची आई म्हणायची. तिच्यापासून बाबा शिकले आणि बाबांपासून ठमी. घराचं सगळं घड्याळच त्यावर लावलेलं होतं. खरेदी, पाहुणे, डॉक्टर, भांडणंसुद्धा दुपारच्या आत. जेवणं झाली की घर आडवं व्हायचं, उठल्यावर घटकाभर पायांत जीव असायचा, आणि मग उजेड उतरला की जो तो आपापल्या खुर्चीत. शेजारी त्यांना कुंभकर्णाची शाखा म्हणत. बाबांनी बुकबाइंडरचा धंदा धरला तोही याच हिशेबानं. खिडकीशी टेबल, सरसाचा डबा, दाभण, दोरा, पुठ्ठे. पहाटे उठून बसायचं आणि लोक चहा पिऊन बाहेर पडेपर्यंत निम्मी पुस्तकं शिवून मोकळं व्हायचं. पहिलीत असताना संध्याकाळच्या खेळाच्या तासाला ठमीनं बाईंना सांगितलं, "माझे पाय मावळले," आणि वर्ग खो खो हसला. घरी येऊन तिनं बाबांना विचारलं, तर बाबा म्हणाले, "त्यांना तो शब्द माहीत नसेल." तिचं समाधान झालं. घरोघरी मातीच्या चुली, तसे घरोघरी मावळणारे पाय. शब्द वेगळे, एवढंच.

आई मात्र बाहेरून आलेली. तिचे पाय मावळत नसत. लग्नाच्या नवलाईत तिनं बाबांना म्हटलं होतं, चला ना, फिरून येऊ. बाबा निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि पाऊल असं पिळवटलं की दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. जाणाऱ्यानं जाता जाता म्हटलं, आज लवकरच सुरुवात झालेली दिसतेय. आई त्या माणसाशी कडाकडा भांडली. मग भिंती धरत धरत दोघं घरी आली. हे आईनंच ठमीला सांगितलेलं, हसत हसत, पण त्या माणसाचा राग तिचा शेवटपर्यंत गेला नाही. पुन्हा तिनं बाबांना कधी चला म्हटलं नाही. ती एकटी जायला लागली, नदीवरच्या पुलापर्यंत, आणि आल्यावर सगळं सांगायची: घड्याळवाल्यानं दाराला घंटी बसवली, वळणावरचं कुत्रं आज भुंकलं नाही, त्याला सर्दी झाली असावी. आणि तिनंच ठरवून दिलं होतं की पुलावरून आपली खिडकी दिसते, तेव्हा मी पोचायच्या वेळेला दिवा लावा, खिडकीत बसा आणि हात करा, मीही करीन. बाबा रोज हात करायचे. आई आल्यावर म्हणायची, आज उशीर केलात. कधी म्हणायची, आज विसरलात ना? आणि बाबा खरंच विसरलेले असायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती तरी दिवे लागायच्या वेळी बाबांचा हात टेबलावरून थोडा उचलला जायचा आणि परत खाली यायचा. ठमी समोरच्या खुर्चीत बसून ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची.

बैठक संपल्यावर ती मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, ती मुलगी चालते ना, आमच्या घरी सगळेच तसे चालतो."

"सगळे म्हणजे?"

"मी. बाबा माझ्याहून जास्त. आजी होती."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि तू इथं कधीपासून आहेस?"

"अठरा वर्षं होतील."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात रागावणं नव्हतं. त्यांनी दार उघडलं आणि बाहेरच्या लांब बोळाकडे हात केला. "चालून दाखव." बोळात कुणी नव्हतं. ठमी चालली. आजवर संध्याकाळी ती चालायची ती कुणी बघत नाही अशा बेतानं, भिंतीच्या कडेकडेनं, हातात काहीतरी ओझं घेऊन, म्हणजे ओझ्यामुळे असेल असं वाटावं. आता हात मोकळे होते आणि कुणीतरी मुद्दाम तिच्या पायाकडे बघत होतं. तिला उघडं पडल्यासारखं झालं. डाव्या बुटाचं टोक फरशीवर घासलं तो आवाज सगळ्या बोळभर झाल्यासारखा वाटला. तिचे डावे बूट नेहमी टोकाशी झिजायचे. चांभार विचारायचा, दगडांना लाथा मारता की काय? ती वळून परत आली तेव्हा मॅडमचे डोळे ओले होते. "वेडी," त्या म्हणाल्या, "किती वर्षं चाललीस गं अशी." आपल्याबद्दल कुणाला वाईट वाटावं असं काही आपल्यात आहे, हेच ठमीला नवीन होतं.

आपल्या माणसाचं रक्त आपण वाचायचं नाही, असा विभागात नियम. म्हणून तिचं आणि बाबांचं भिंगाकडे गेलं. समोरासमोरच्या टेबलांवर दोघं बसायचे आणि एकमेकांच्या पडद्यांकडे चुकूनही बघायचे नाहीत. भिंग हवेबद्दल बोलायचा, जेवणाबद्दल बोलायचा, आणि मध्येच गप्प व्हायचा. ठमीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की आपण ज्यांचे मजकूर वाचले ती माणसं घरी अशी बसलेली असणार, वाफ गेलेल्या चहासमोर, दाराकडे कान लावून. मग एका सकाळी, ज्यानं जन्मात कुणाला चहा विचारला नव्हता तो भिंग दोन पेले घेऊन आला आणि तिचा पेला तिच्यासमोर फार जपून ठेवला, आणि तिला उत्तर कळलं.

बाबांना कसं सांगायचं, याचा विचार तिनं वाटभर केला होता; घरी आल्यावर टेबलावर शिवायला घेतलेलं पुस्तक दिसलं आणि प्रश्न सुटला. "बाबा, माणसाच्या अंगात एका मोठ्या पुस्तकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या एका प्रतीत एक फर्मा नाही."

बाबांना फर्मा म्हणजे काय ते सांगावं लागणार नव्हतं. घडी घातलेल्या पानांचे असे गठ्ठे एकामागून एक शिवण्यातच त्यांचा जन्म गेला होता. "फाटलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. मुळात शिवलाच नाही. आधी आम्ही नुसतं वाचून चुका शोधायचो. वाचताना अडायचं नाही, कारण दुसऱ्या प्रतीतली पानं समोर यायची. आता वाचतो आणि मोजतोही."

"मोजायला हवंच," बाबा म्हणाले. दाभण त्यांच्या बोटांत तसंच राहिलं होतं. "आणि तुझ्यात?"

"माझ्यातही. तोच."

बाबांनी दाभण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "घ्यायचंच होतं माझ्याकडून, तर काहीतरी बरं घ्यायचंस, ठमे." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिच्या केसांत सरसाचा वास ठेवून गेला. तिनं त्यांना पुढचं सांगितलं: पायांना हुकूम पोचवणारा एक रस मेंदूत तयार होतो, आपल्यात तो पुरेसा होत नाही, झोपेत थोडा साठतो आणि दिवसभरात संपतो. संध्याकाळपर्यंत भांडं रिकामं. एकच फर्मा गहाळ असून बाबांचे पाय पार जातात आणि तिचं नुसतं पाऊल वळतं, हे असं का, ते अजून कुणालाच धड कळलेलं नाही. मॅडमना त्यासाठी दोघांनी आणखी थोडं थोडं रक्त द्यायला हवंय. आणि त्या रसाची कसर भरून काढायला गोळी आहे. अगदी लहानशी. फार वर्षांपासून मिळते. ते 'फार वर्षांपासून' तिच्या तोंडून निसटलं आणि तिनं जीभ चावली.

"वरातीमागून घोडं," बाबा म्हणाले आणि हसले. गोळ्यांचं पाकीट त्यांनी टेबलाच्या खणात दोऱ्यांच्या रिळांशेजारी ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते तिथंच होतं, तिसऱ्या दिवशीही. ठमीनं आठवण केली. मग विनवलं. मग रागावली. एकदा सकाळी, पायांत जीव असण्याच्या वेळी, म्हणजे घरातल्या भांडणाच्या रीतसर वेळी, तिनं आवाज चढवला तेव्हा बाबांनी हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. "लहानपणी मला लोखंडाच्या पट्ट्यांचे बूट घातले होते, ठाऊक आहे तुला? त्यानं काही झालं नाही. मग एक मोठे डॉक्टर म्हणाले, पोराच्या मनात आहे, मनावर घेतलं तर चालेल. तेव्हापासून मनावरच घेतोय. आता तुझी गोळी लागू नाही पडली तर काही प्रश्नच नाही. लागू पडली तर मी काय करू, सांग. तुझी आई रोज पुलापर्यंत एकटी गेली. एवढ्याशा गोळीवाचून एकटी गेली, हे कळून मी काय करू?"

ठमीच्या सगळ्या शिक्षणात हा प्रश्नच कुठं आला नव्हता. दुखण्याला नाव मिळालं की घोर मिटतो असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. नावाच्या पाठोपाठ गेलेली सगळी वर्षं दारात येऊन उभी राहतात, हे तिनं वाचलेल्या कुठल्याच मजकुरात लिहिलेलं नव्हतं. तिला पूर्वीची कितीतरी घरं आठवली, ज्यांना तिनं चुका शोधून दिल्या आणि खूश होऊन पुढची प्रकरणं उघडली. तिथंही कुणीतरी असं खिडकीशी बसून राहिलं असेल. तिनं बाबांशी भांडणं सोडलं. स्वतःचं पाकीट मात्र तिनं फोडलं नव्हतं, आणि ते का, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आपलं पाऊल सरळ झालं आणि बाबांच्या खुर्चीसमोरून आपण टाच टेकवत गेलो, तर ते कसं दिसेल, या विचारानंच तिला चोरट्यासारखं व्हायचं.

पण जन्मभर पानं मोजलेल्या माणसापासून गोळ्या लपत नाहीत. एका सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "तुझं पाकीट अजून भरलेलं आहे."

"घेईन."

"कधी?"

"तुम्ही घेतलीत की."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली, तिच्या डाव्या बुटाच्या झिजलेल्या टोकाकडे पाहिलं. लहानपणी ती चालायला शिकली तेव्हा याच पायाकडे ते असेच बघत असणार, असं तिला उगाच वाटलं. "म्हणजे माझ्या गेल्या त्या गेल्याच, आणि माझ्या हट्टापायी तुझ्याही संध्याकाळी जायच्या," ते म्हणाले. "हे काही बरं नाही, ठमे." त्यांनी खण उघडला, गोळी जिभेवर ठेवली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. "कडू नाही," ते म्हणाले, जणू इतके दिवस अडलं होतं ते चवीपायीच. ठमीनंही घेतली.

काही दिवस काहीच झालं नाही, आणि दोघांनाही आतून हायसं वाटलं. मग एका संध्याकाळी ठमी ताट ठेवायला उठली, परत आली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण भिंतीला हात लावला नव्हता. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या पावलांकडे बघत होते. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट होती, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. खिडकीबाहेर उजेड उतरला होता. बाबांनी दिवा लावला, पण खुर्चीत बसले नाहीत. खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ठमी जवळ गेली नाही. हे रडणं तिच्यासाठी नव्हतं. मग त्यांनी तोंड धुतलं, सकाळचे बूट घातले आणि म्हणाले, "चल. पुलापर्यंत."

जन्मभर ज्या रस्त्याची फक्त सकाळ पाहिली होती त्याची संध्याकाळ बाबांना तोंडपाठ होती. ठमीला ते बोट धरल्यासारखे नेत होते. "आता डावीकडे घड्याळवाला. दाराला घंटी असेल." घंटी नव्हती, तिथं आता फोनचं दुकान होतं. कोपऱ्यावरच्या पायरीपाशी ते क्षणभर थांबले आणि ओलांडून गेले. "वळणावर कुत्रं." कुत्रंही नव्हतं. "सर्दी झाली असेल," बाबा म्हणाले आणि दोघांना एकदमच हसू आलं. अंगावरून माणसं जात होती, खांद्याला खांदा घासून, कुणी या दोघांच्या पायांकडे बघत नव्हतं. ठमीला ते फार आवडलं. टाच टेकायची, मग चवडा, मग दुसरी टाच. असं चालत असताना माणूस दुसऱ्या कशाचा तरी विचार करू शकतो, हेच तिला केवढं वाटत होतं. फुलं विकणारी बाई, ओल्या फरशीवर सांडलेला दुकानांचा उजेड, एका बाळाचा गळून पडलेला मोजा; आई हे सगळं रोज गोळा करून घरी आणायची.

पूल आला. बाबा कठड्याशी गेले, दोन्ही हात टेकवले आणि घराच्या दिशेला वळले. ठमीही वळली. समोर पाण्याची जुनी टाकी होती, रुंद, काळपट, आणि तिच्या मागे कुठंतरी त्यांची गल्ली. खिडकी दिसत नव्हती. बाबा कठड्याच्या या टोकाला गेले, त्या टोकाला गेले. कुठूनही दिसत नव्हती. टाकी नंतर बांधली असेल, असं म्हणावं का, हे तिच्या मनात येतंय तोच बाबा म्हणाले, "मी लहान असल्यापासून आहे ही टाकी. सकाळचा चढायचो हिच्यावर."

ठमीनंही कठड्यावर हात टेकवले.

"मग मी विसरलो ते तिला कसं कळायचं?"

"तुमच्या तोंडावरून, बाबा."

"लबाड," बाबा म्हणाले. खूप दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना, आईशी बोलतानाचा सूर आला. ते टाकीकडे बघत राहिले. खालून नदीचा गार वारा येत होता. ठमीला भीती वाटली की आता ते खचतील, आता म्हणतील की तेही खोटंच होतं. पण बाबांनी मान हलवली, एखादं अवघड पुस्तक शेवटी नीट शिवून झाल्यावर हलवायचे तशी. "म्हणजे ती टाकीकडे बघून हात करायची," ते म्हणाले. "रोज."

"कशावरून? केलाही नसेल."

"करायची," बाबा म्हणाले. "अगं, मला तरी कुठं दिसत होती ती? मी करायचोच ना?"

ठमीचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसले नाहीत. "दिवा लावून आलोय ना आपण?" बाबांनी विचारलं. "लावलाय," ती म्हणाली. बाबांनी उजवा हात वर केला, टाकीच्या दिशेनं, चांगला डोक्याच्या वर, आणि तसाच धरला. समोरून सायकलवर येणाऱ्या कुणा अनोळखी माणसाला वाटलं आपल्यालाच आहे. त्यानंही हात केला आणि निघून गेला. बाबा खुदकन हसले, पण हात खाली घेतला नाही. "आज उशीरच केला," ते म्हणाले. ठमी त्यांच्या शेजारी दोन्ही पायांवर उभी राहिली, आणि तिनंही हात वर केला.